शुगर नसलेल्या पोरीची शुगरची गोळी

भंडारा, तुमसर, साकोली, कुठल्याही गावी औषधाच्या दुकानापुढे हा प्रसंग आता नवा राहिलेला नाही. एकोणीस-वीस वर्षांची मुलगी, सोबत आई, हातात डॉक्टरांची चिठ्ठी. दुकानदार मेटफॉर्मिनची पट्टी पुढे सरकवतो आणि सवयीने विचारतो, "घरी शुगर कोणाला आहे?" आईचा चेहरा उतरतो. "पोरीले शुगर नाही जी, पाळी येत नाही म्हणून दाखवलं होतं. मंग शुगरची गोळी कायले?"

प्रश्न रास्त आहे. दुकानदाराकडे त्याचे उत्तर नसते आणि ओपीडीत रांग मोठी असल्याने डॉक्टरांना सांगायला वेळ नसतो. पट्टी घरी जाते. शेजारीण तिच्यावरचे नाव वाचते आणि गावभर होते की पोरीला शुगर आहे. पुढे सोयरीक जुळवताना हीच पट्टी आडवी येते. अंडाशयाच्या दुखण्यात मधुमेहाची गोळी शिरली कशी, याची कथा शंभर वर्षांची आहे. पॅरिस, शिकागो, डब्लिन, मनिला, मुंबई, पुणे अशी बरीच गावे फिरून ती वैनगंगेच्या काठी आली आहे.

सुरुवात १९२१ सालची. पॅरिसमध्ये आशार आणि तिएर या दोन डॉक्टरांनी एक निबंध वाचला. त्याचा विषय होता दाढी उगवलेल्या स्त्रियांचा मधुमेह. बाईच्या अंगावर पुरुषासारखे केस येणे आणि तिची साखर बिघडणे या दोन गोष्टी एकत्र नांदतात, एवढेच त्यांचे म्हणणे. ते नोंदले गेले आणि जवळपास साठ वर्षे कोणी उघडूनही पाहिले नाही. कारण १९३५ मध्ये शिकागोच्या आयर्विंग स्टाइन आणि मायकेल लेव्हेंथल यांनी सात स्त्रियांची हकीकत प्रसिद्ध केली आणि सगळ्या वैद्यकजगाची नजर अंडाशयावर खिळली. या बायकांची पाळी थांबली होती. त्यांचे अंडाशय मोठे होते आणि त्यांत बारीक पाणीदार गाठींची दाटी होती. स्टाइन यांनी पोट उघडून दोन्ही अंडाशयांचा पाचरीसारखा मोठा तुकडा कापून काढला. सातही जणींची पाळी सुरू झाली, दोघींना दिवस गेले.

यश असे डोळ्यांत भरणारे असले की विचार थांबतो. पुढची तीसेक वर्षे 'स्टाइन-लेव्हेंथल'चा आजार म्हणजे शस्त्रक्रिया, हे समीकरण पक्के झाले. १९६७ मध्ये अमेरिकेत क्लोमिफेन या गोळीला मान्यता मिळाली. ती अंडे सोडायला लावते, त्यामुळे सुरीची गरज उरली नाही. नजर मात्र जिथल्या तिथेच होती. ज्या बाईला मूल हवे तीच रुग्ण. लग्न न झालेल्या मुलीची पाळी तीन-तीन महिने येत नसेल, हनुवटीवर राठ केस असतील, तर तिला काय सांगायचे? आपल्याकडे उत्तर ठरलेले होते आणि आजही ते ठरलेलेच आहे, "लग्न झालं की होते बरोबर." वैद्यकशास्त्राचे उत्तर तेव्हा याहून फारसे शहाणे नव्हते.

कथा फिरली ती १९८० मध्ये, अमेरिकेतल्या मेम्फिस शहरात. बर्गेन, गिव्हन्स आणि किताबची या तिघांनी मोजक्याच बायका तपासल्या. सगळ्या स्थूल, पण काहींना हा आजार होता आणि काहींना नव्हता. आजार असलेल्यांच्या रक्तात इन्सुलिन जास्त निघाले, आणि ज्यांचे इन्सुलिन चढे त्यांचे टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरकही चढे. नऊ वर्षांनी, १९८९ मध्ये, अँड्रिया डुनाइफ यांनी दाखवले की हा केवळ लठ्ठपणाचा खेळ नाही. तेवढ्याच वजनाच्या निरोगी बाईपेक्षा या आजाराच्या बाईचे शरीर इन्सुलिनला कमी दाद देते. आशार आणि तिएर बरोबर होते.

हे घडते कसे ते समजून घ्यायला हवे, कारण पुढचा सगळा औषधांचा इतिहास त्यावरच उभा आहे. घरातल्या एका माणसाला ऐकू कमी येत असले की बाकीचे ओरडून बोलतात आणि ज्याचे कान शाबूत त्याचे डोके उठते. इथे ऐकू कमी येते ते स्नायूंना आणि यकृताला. ते इन्सुलिनचा सांगावा ऐकत नाहीत, म्हणून स्वादुपिंड जास्त-जास्त इन्सुलिन ओतते. साखर कशीबशी ताळ्यावर राहते, त्यामुळे साध्या तपासणीत काहीच सापडत नाही. अंडाशयाचे कान मात्र शाबूत असतात. चढ्या इन्सुलिनने तिथल्या पेशी पुरुषी संप्रेरके जास्त तयार करतात. त्याच वेळी यकृत ही संप्रेरके बांधून ठेवणारे प्रथिन कमी बनवते, म्हणून ती रक्तात मोकाट फिरतात. अंडे पिकायला लागते आणि मध्येच अडकते. पाळी लांबते, मुरमे आणि केस येतात. मानेवर मखमली काळा पट्टा उमटतो. आई त्याला मळ समजून अंघोळीच्या दगडाने घासत बसते. तो मळ नाही, चढ्या इन्सुलिनची खूण आहे, आणि ती पाहायला प्रयोगशाळा लागत नाही.

मग इन्सुलिनचा हा आरडाओरडा कमी करणारे औषध दिले तर? असे औषध कपाटात तयार होते, पण वेगळ्याच कामासाठी.

मेटफॉर्मिनचे मूळ युरोपच्या कुरणात उगवणाऱ्या गलेगा नावाच्या झुडपात आहे. त्याच्यात ग्वानिडीनच्या कुळातले द्रव्य असते. १९१८ मध्ये वातानाबे यांनी ग्वानिडीनने जनावरांची रक्तशर्करा उतरते असे दाखवले. १९२२ मध्ये डब्लिनच्या वर्नर आणि बेल या रसायनज्ञांनी मेटफॉर्मिनचा रेणू बनवला, पण साखरेचा विचार त्यांच्या डोक्यात नव्हता. त्याच सुमारास इन्सुलिन हाती आले आणि या सगळ्या संशोधनावर धूळ बसली. १९४९ च्या आसपास फिलिपिन्समध्ये युसेबिओ गार्सिया यांनी हे औषध चक्क फ्लूच्या रुग्णांना दिले आणि काहींची साखर उतरल्याचे नोंदवले. ती नोंद पॅरिसच्या जाँ स्टर्न यांच्या वाचनात आली. १९५७ मध्ये त्यांनी मेटफॉर्मिन मधुमेह्यांना देऊन निकाल छापले. एखाद्या गुणी पोराला चार घरची उष्टी काढून शेवटी आपले घर मिळावे, तसा हा प्रवास.

इथे आपल्याकडचे एक झाड आठवल्यावाचून राहत नाही. भंडारा-गोंदियाच्या जंगलात बिजा आहे. बिजाच्या लाकडाचा पेला करून त्यात रात्रभर पाणी ठेवायचे आणि सकाळी लालसर झालेले ते पाणी शुगरवर प्यायचे, हा उपाय पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आहे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने, म्हणजे आयसीएमआरने, १९९८ मध्ये याच बिजाची, म्हणजे विजयसारची, नव्या मधुमेह्यांवरची चाचणी प्रसिद्ध केली. ९७ रुग्णांपैकी ६७ जणांची साखर आटोक्यात आली. तरी गलेगापासून मेटफॉर्मिन झाले तसे बिजापासून काही झाले नाही. त्या चाचणीत तुलनेला दुसरा गट नव्हता, आणि औषध सिद्ध व्हायला एवढ्यावर भागत नाही. पाळीच्या या आजारात बिजाचा उपयोग होतो याला तर आधारच नाही. कोणी बाजारात पेला विकताना तसे सांगत असेल तर त्याच्याकडून पेलाच घ्यावा, सल्ला घेऊ नये.

कथेत मुंबई येते ती फेनफॉर्मिनमार्गे. मेटफॉर्मिनचा हा थोरला, जास्त जोरकस भाऊ अमेरिकेच्या यू. एस. व्हिटॅमिन कंपनीने त्याच १९५७ च्या सुमारास पुढे आणला. याच कंपनीशी भागीदारी करून स्वातंत्र्यचळवळीतले एक कार्यकर्ते विठ्ठल बाळकृष्ण गांधी यांनी १९६१ मध्ये मुंबईत यूएसव्ही ही कंपनी उभी केली. पुढे फेनफॉर्मिनचे नाव खराब झाले. रक्तात लॅक्टिक आम्ल साचून रुग्ण दगावू लागले, आणि सत्तरच्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेने ते बंद केले. भारतात त्याच्यावर बंदीची अधिसूचना निघाली १ ऑक्टोबर २००३ रोजी. दोन्ही तारखांमध्ये पाव शतक गेले, आणि हा उशीर कसल्याही कारणाने समर्थनीय ठरत नाही.

थोरल्याच्या पापाची सावली धाकट्यावर पडली. मेटफॉर्मिनने तो धोका फार क्वचित होतो, तोही बहुधा मूत्रपिंड बिघडलेल्यांना, तरी अमेरिकेने त्याला मान्यता दिली ती थेट १९९४ च्या डिसेंबरात. भारतीय डॉक्टर तोवर ते कधीपासून लिहीत होते. यूएसव्हीचे 'ग्लायकोमेट' हे नाव तर आज मराठी घरांत पॅरासिटामोलइतके ओळखीचे झाले आहे. गोळी स्वस्त, जुनी, गुणदोष माहीत असलेली. जिल्ह्याच्या ठिकाणी औषधाची निवड करताना याला मोल असते.

आता दोन धागे जुळतात. १९९४ मध्येच व्हेनेझुएलातल्या मेरिदा या डोंगराळ शहरात वेलास्केस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या आजाराच्या २६ स्त्रियांना आठ आठवडे मेटफॉर्मिन दिले. इन्सुलिन उतरले, टेस्टोस्टेरॉन उतरले, काहींची पाळी सुरू झाली, काहींना दिवसही गेले. शुगर नसलेल्या बाईला शुगरची गोळी देण्याची रीत पडली ती इथून. दोन वर्षांनी नेसलर आणि जाकुबोविच यांनी दाखवले की इन्सुलिन कमी झाले की अंडाशयातल्या ज्या वितंचकामुळे पुरुषी संप्रेरके बनतात त्याचाही जोर ओसरतो. १९९८ मध्ये त्यांनीच मेटफॉर्मिनसोबत क्लोमिफेन दिल्यास अंडे सुटण्याचे प्रमाण खूप वाढते असे छापले. मग काय विचारता! जगभरचे स्त्रीरोगतज्ज्ञ मेटफॉर्मिन लिहू लागले, आणि आपलेही.

त्या दहा वर्षांत जे-जे औषध इन्सुलिनला मदत करते ते-ते या बायकांवर करून पाहिले गेले. ट्रॉग्लिटाझोनची गोष्ट त्यात सर्वांत बोलकी. ४०० हून अधिक स्त्रियांवर त्याची मोठी चाचणी झाली. निकाल उत्तम आला आणि २००१ मध्ये छापला गेला. औषध मात्र यकृताला घातक ठरून २००० च्या मार्चमध्येच बाजारातून उठले होते. त्याच कुळातल्या रोसिग्लिटाझोनवर हृदयाच्या धोक्यामुळे भारतात २०१० च्या नोव्हेंबरात बंदी आली. पायोग्लिटाझोन २०१३ च्या जूनमध्ये थांबवले गेले आणि महिना-दीड महिन्यात मूत्राशयाच्या कर्करोगाच्या धोक्याची सूचना छापून परतही आले. ज्या मुलीला पुढे मूल हवे आहे, जी तशी धडधाकट आहे, तिला वजन वाढवणारे असे औषध वर्षानुवर्षे द्यावे, हा विचार मग आपोआपच मागे सारला गेला.

इनोसिटॉलचे प्रकरण निराळे. नेसलर यांच्याच गटाने १९९९ मध्ये ४४ स्त्रियांवर डी-कायरो-इनोसिटॉलची चाचणी केली. औषध घेतलेल्या २२ पैकी १९ जणींचे अंडे सुटले, नुसती खोटी गोळी घेतलेल्या २२ पैकी सहा जणींचे. आकडे इतके देखणे होते की पुढे तसे यश पुन्हा दिसले नाही तरी मोहिनी उतरली नाही. आज त्याच कुळातल्या मायो-इनोसिटॉलच्या पुड्या आणि गोळ्या गावोगावी मिळतात. त्रास फारसा नाही, पुरावा तोकडा, आणि किंमत मेटफॉर्मिनच्या कितीतरी पट. रोजंदारीवर रोवणीला जाणाऱ्या बाईच्या पोरीला ही पुडी सहा-सहा महिने लिहून देणे मला पटत नाही.

मेटफॉर्मिनची खरी परीक्षा झाली २००७ मध्ये. अमेरिकेत लेग्रो आणि सहकाऱ्यांनी मूल हवे असलेल्या ६२६ स्त्रियांची तीन गटांत वाटणी केली. नुसत्या क्लोमिफेनने १०० पैकी २२.५ जणींच्या पदरात मूल पडले, दोन्ही औषधांनी २६.८, आणि नुसत्या मेटफॉर्मिनने अवघे ७.२. दोन्ही औषधे एकत्र देऊन झालेला फायदा ठामपणे सांगण्याजोगा नव्हता. दहा वर्षांचा उत्साह एका तक्त्यात बसला. मूल होण्यासाठी म्हणून मेटफॉर्मिन एकटे पुरत नाही, हे सिद्ध झाले.

त्या जागी पुढे लेट्रोझोल आले. ते मुळात स्तनाच्या कर्करोगाचे औषध. २०१४ मध्ये ७५० स्त्रियांच्या चाचणीत ते क्लोमिफेनपेक्षा सरस ठरले, २७.५ विरुद्ध १९.१. गंमत अशी की भारताने २०११ मध्येच वंध्यत्वासाठी लेट्रोझोल वापरायला बंदी घातली होती. जगाने ज्याला पहिला मान दिला त्या औषधाला आपल्याकडे २०१७ पर्यंत मज्जाव होता.

हरले म्हणून मेटफॉर्मिन गेले का? नाही. त्याचे काम बदलले. मूल देणारी गोळी म्हणून त्याचा दबदबा संपला. बाईला पुढे होऊ घातलेला मधुमेह, वाढते वजन, बिघडती चरबी यांना आवर घालणारी गोळी म्हणून ते टिकले. या हरण्यातच मला या इतिहासातली सर्वांत मोठी मिळकत दिसते. १९३५ पासून वैद्यकाने या बाईकडे पाहिले ते तिच्या कुशीपुरते. आता प्रथमच तिच्या चाळिशी-पन्नाशीतल्या प्रकृतीचा हिशेब मांडला जाऊ लागला. आणि हा हिशेब लग्न ठरायच्या आधीपासून, किंवा लग्न करायचे नसले तरी, मांडावा लागतो.

या हिशेबात पुण्याची भर मोलाची आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या बायकांच्या गरोदरपणाचा आणि पुढे त्यांच्या मुलांचा मागोवा घेतला. इथली बाळे सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची ३.५ किलोची. पण आपल्या बाळांचे जे वजन कमी होते ते स्नायूंचे आणि अवयवांचे. त्वचेखालची चरबी मात्र त्यामानाने शाबूत. अंगाने बारीक, आतून चरबीदार. २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज सहकारी जॉन युडकिन यांचे शेजारी-शेजारी उभे असलेले छायाचित्र आले. दोघांचा बीएमआय तंतोतंत २२.३. युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या अंगात २१.२.

आता २०२३ ची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिका पाहा. ऑस्ट्रेलियाच्या हेलेना टीड यांच्या पुढाकाराने ती झाली. प्रौढ स्त्रीचा बीएमआय २५ किंवा जास्त असेल तर साखर-चरबीच्या दृष्टीने मेटफॉर्मिनचा विचार करावा, त्याखाली असेल तर विचार करता येईल, असे ती सांगते. ही रेघ गोऱ्या शरीराकडे पाहून ओढलेली वाटते. लाखांदूरची हडकुळी मुलगी, जिच्या मानेवर काळा पट्टा आहे आणि जिचे वडील चाळिशीतच मधुमेही झाले, ती काट्यावर उभी राहिली की निरोगी ठरते. लंडनमध्ये १९९८ मध्ये भारतीय उपखंडातल्या २१२ स्त्रियांची सोनोग्राफी झाली तेव्हा ११० जणींच्या अंडाशयात अशा गाठी दिसल्या होत्या. गाठी दिसणे म्हणजे आजार नव्हे, पण आपला कल कुठे आहे ते कळते. मुंबईच्या परळमधल्या राष्ट्रीय प्रजनन स्वास्थ्य संशोधन संस्थेने २०१४ मध्ये १५ ते २४ वयाच्या मुलींची पाहणी छापली. रॉटरडॅमच्या सैल निकषाने २२.५ टक्के आणि कडक निकषाने १०.७ टक्के मुलींत हा आजार निघाला. आयसीएमआरच्या २०२४ मध्ये छापून आलेल्या देशव्यापी पाहणीत हेच आकडे १९.६ आणि १३.६ आहेत. कुठलाही निकष घ्या, गावातल्या प्रत्येक वाड्यात एखादी मुलगी आहेच.

धानाच्या भंडारा जिल्ह्यात दोन गोष्टी आणखी ध्यानात ठेवाव्या लागतात. दोन्ही वेळा ताटात भात असतो, आणि तो सोडा म्हणणे म्हणजे माहेर सोडा म्हणण्यासारखे. भाताचा ढीग कमी करून वरण, भाजी, लाखोळीऐवजी हरभरा किंवा मूग, अंडे, मासोळी वाढवा, हे सांगता येते आणि ऐकलेही जाते. मामा, म्हणजे माजी मालगुजारी, तलावांच्या मुलखात मासोळीची वाण नाही. दुसरी गोष्ट सिकलसेलची. नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी यांनी १९५८ मध्येच मध्य भारतातल्या सिकलसेलची नोंद 'लॅन्सेट'मध्ये केली होती आणि भंडारा त्या पट्ट्यात येतो. सिकलसेल असलेल्या मुलीच्या रक्तपेशी लवकर मरतात, म्हणून तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी तपासणी तिच्यात साखर खोटी कमी दाखवते. नुसता वाहक गुण असला तरी काही यंत्रांत हा आकडा चुकतो. इथे ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी रक्त पाहणे हीच भरवशाची वाट. या आजारात मार्गदर्शिकाही तीच तपासणी पसंत करते.

गोळी सुरू करायचीच तर जेवणानंतर ५०० मिलिग्रॅमपासून, हळूहळू वाढवत. पहिले दोन-तीन आठवडे पोट ढवळते, जुलाब होतात आणि निम्म्या पट्ट्या तिथेच कपाटात पडतात. लांब मुदतीत बी-१२ उतरते. याज्ञिकांच्या २००८ मधल्या अभ्यासात आईचे बी-१२ कमी आणि फोलेट जास्त असले तर मुलाच्या अंगी सहा वर्षांच्या वयातच इन्सुलिनला दाद न देणे दिसले होते. म्हणजे ज्या दोषावर आपण आईला गोळी देतो, तोच दोष बी-१२ न तपासल्याने मुलात उतरू शकतो. आणखी एक सांगायला डॉक्टर लाजतात. पाळी सुरू व्हायच्या आधी अंडे सुटते, म्हणून या गोळीवर असताना पाळी न येताही दिवस राहू शकतात. नवविवाहितेला हे आधी सांगायला हवे.

२०२५ पासून टिर्झेपॅटाइड आणि वजनावरचे सेमाग्लुटाइड ही औषधे भारतात आली आहेत. वजन झपाट्याने उतरते, इन्सुलिनही. पुण्या-मुंबईच्या दवाखान्यांत या आजारासाठी त्यांची विचारणा सुरू झाली आहे. गरोदरपणात ती चालत नाहीत, आणि या मुलींवर दीर्घकाळ काय होते ते कळायला वर्षे लागतील. ट्रॉग्लिटाझोनची गोष्ट ठाऊक असलेल्याने घाई करू नये.

भंडाऱ्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे उद्घाटन ९ ऑक्टोबर २०२४ रोजी झाले. तोवर अवघड दुखण्याला नागपूर गाठावे लागे. या महाविद्यालयाकडे माझे एक मागणे आहे. स्त्रीरोग आणि मेडिसिन या दोन विभागांनी आठवड्यातला एक दिवस मिळून या मुलींसाठी द्यावा. त्यांचे वजन, कंबर, रक्तदाब, ग्लुकोज पाजून केलेली साखर, बी-१२ आणि सिकलसेल यांची एक वही ठेवावी, आणि ती दहा वर्षे चालवावी. शाळेतल्या मुलींना तिथवर आणायला आशाताई आहेत, किशोरवयीनांचे 'मैत्री' दवाखाने आहेत. बारीक अंगाच्या धान-भात खाणाऱ्या मुलीला मेटफॉर्मिन कधी द्यावे याचे उत्तर मेरिदाच्या २६ बायकांकडे नाही आणि अमेरिकेच्या ६२६ बायकांकडेही नाही. ते इथल्याच वहीतून निघेल.